गुरू नीट पाहावा लागतो

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत, ज्याला आपण दत्तच मानतो, यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य अशी सुरुवात होते. पुढे कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, पिंगला, साप, कोळी असं करत करत शेवटी कुंभारीण माशी येते. आमच्या कृष्णाकाठी ही यादी पाठ नसलेलं घर सापडणं अवघड. औदुंबर आणि नरसोबाची वाडी ही दत्ताची दोन मोठी ठाणी एकाच नदीवर, आणि दर गुरुवारी कुठे ना कुठे या चोविसांचं निरूपण चालूच असतं. माझं माहेर भिलवडीजवळचं, सासर साताऱ्याचं आणि नोकरी सांगलीत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यामुळे या यादीतले निम्मे गुरू माझ्या अभ्यासक्रमातही होते. घरी ज्यांना हात जोडले, त्यांचीच आकृती वर्गात फळ्यावर काढायची. यात मला कधी विसंगती वाटली नाही. पण एक प्रश्न मात्र आयुष्यभर सोबत राहिला: एखाद्या जिवाला गुरू करता येतं का, आणि केलंच तर शिष्यावर कोणतं बंधन येतं?

या प्रश्नाला धार आली ती रत्नागिरीला, भाट्याच्या किनाऱ्यावर. आम्ही मुलांना किनाऱ्यावरचे जीव दाखवायला तिथे नेत असू. आंबा घाट उतरून एसटी खाली आली की जत-आटपाडीची मुलं खिडकीला चिकटून बसत. त्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेलाच नसे. ओहोटीच्या वेळी, लाट जिथे फुटून पसरते आणि परत फिरते त्या ओल्या पट्ट्यात, वाळू खणली की अंगठ्याच्या पेराएवढे करडे, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचे जीव हाताला लागतात. तळहातावर ठेवला की हा जीव शेपटीकडूनच बोटांच्या फटीत घुसू पाहतो. जतच्या एका मुलीनं तो परत वाळूवर सोडला आणि ओरडली, "मॅडम, ह्यो माघारीच जातोय की!" दोन-तीन सेकंदांत तो दिसेनासा झाला. मग तिनंच विचारलं, "दत्ताच्या चोविसात ह्यो का न्हाई?"

त्या प्रश्नात थट्टा नव्हती. तिच्या घरी दत्ताची उपासना होती. मी तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. जे दिसतंय ते आधी वहीत उतरव, एवढंच सांगितलं.

खेकड्यांच्या नात्यातल्या या प्राण्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव एमेरिटा. स्कोपोलीनं १७७७ साली ते दिलं. जगभरच्या उबदार आणि समशीतोष्ण वालुकामय किनाऱ्यांवर हिच्या डझनभर जाती आहेत. भारतात तीन ठळक: लिनिअसनं १७६७ मध्ये वर्णन केलेली एमेरिटा एमेरिटस, मिल्न-एडवर्ड्सनं १८३७ मध्ये वर्णन केलेली एमेरिटा एशियाटिका, आणि तिसरी एमेरिटा होल्थुइसी. ही तिसरी के. एन. सांकोल्ली यांनी १९६५ मध्ये जगापुढे आणली. सांकोल्ली रत्नागिरीच्या सागरी संशोधन केंद्रातले. लायडनचे थोर कवचधर-अभ्यासक होल्थुइस यांचं नाव त्यांनी तिला दिलं. एकाच रंगाचे, एकाच आकाराचे, एकाच वाळूत दडणारे जीव. त्यांतला एक वेगळा आहे हे ठामपणे म्हणायचं तर डोक्याच्या पुढच्या कडेचे दात, मिशांच्या पेरांची घडण, पहिल्या पायाचं टोक हे सगळं भिंगाखाली पुन:पुन्हा पाहावं लागतं. मी या कामाला उपासना म्हणते, आणि हा शब्द पूर्ण जबाबदारीनं वापरते.

आता त्याचं जगणं. ह्याला नांगी नाही. चावणं नाही, पकडणं नाही. तो पोहतो मागे, खणतो मागे. वाळूत अंग पुरून घेतो आणि तोंड समुद्राकडे ठेवतो. डोळ्यांचे बारीक देठ आणि श्वासासाठी जुळवलेल्या लहान मिशा तेवढ्या वर असतात. लाट अंगावर येते तेव्हा तो काहीच करत नाही. ती चढून संपते, परत फिरते, आणि पाणी पातळ होऊन घसरू लागतं तेव्हा पिसांसारख्या दोन लांब मिशा वाळूतून बाहेर येतात. उतरत्या पाण्यात वाहणारे सूक्ष्म जीव आणि कण त्या गाळून घेतात. मग मिशी तोंडाशी ओढून पुसून घ्यायची, पुन्हा पसरायची. पुढची लाट आली की सगळं आत. भरती चढते तसे यांच्या बऱ्याच जाती किनाऱ्यावर वर सरकतात, ओहोटीला खाली येतात. म्हणजे एका जागी मुक्काम नाहीच. लाट जिथे फुटते ती रेषाच हलती, आणि हे त्या रेषेचे रहिवासी.

एवढं वाचल्यावर कुणाही मराठी माणसाच्या मनात गीतेचा दुसरा अध्याय उभा राहील. कासव अवयव आत ओढून घेतं तशी स्थितप्रज्ञाची इंद्रियं विषयांपासून आवरलेली असतात, हा तो प्रसिद्ध दृष्टान्त. अवधूताचा अजगरही आठवेल: जे तोंडाशी येईल ते घ्यावं, धावाधाव करू नये. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या उमदीच्या भाऊसाहेब महाराजांच्या परंपरेत पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग असे दोन शब्द रुजले आहेत. मुंगीनं एकेक पाऊल चढत फळापर्यंत जायचं, की पाखरानं थेट उडून? साधना की कृपा, हाच तो जुना प्रश्न. त्यात हा जीव मध्येच बसवता येईल असं मलाही वाटलं. खणणं त्याचं, जागा बदलणं त्याचं, मिशा उघडण्याची वेळ ओळखणं त्याचं. अन्न मात्र लाटेचं. साधनेनं स्वतःला योग्य जागी ठेवायचं आणि जे येतं ते कृपेनं येतं, असं एक सुंदर निरूपण त्यातून सहज उभं राहतं. मी ते कॉलेजच्या एका कार्यक्रमात केलंही होतं, आणि लोकांना ते आवडलं होतं.

पण याच प्राण्याचा एक जवळचा भाऊबंद आहे, हिप्पा. हाही वाळूत पुरून घेतो, हाही शेपटीकडून खणतो, त्याचंही अंग तसंच अंड्यासारखं. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर तो आढळतो. वरून पाहणाऱ्याला दोघांच्या बसण्यात काही फरक दिसणार नाही. पण हिप्पाच्या मिशा आखूड, गाळणी नसलेल्या. तो लाटेबरोबर आलेले मेलेले मासे आणि जेलीफिशचे तुकडे ओढून खातो. तिसरा अल्ब्युनिया, त्याच्या श्वासाच्या मिशा इतक्या लांब की त्या जुळवून तो वाळूखाली श्वासाची नळीच करतो. त्यातली एक जात लिनिअसनं १७५८ मध्येच नोंदवली आहे. तिघंही वाळूत पुरून बसणारे. बाहेरून तिघांची समाधी एकच, आत तिघांचा व्यवहार वेगळा. साधकाचं आसन पाहून त्याची वृत्ती ओळखता येत नाही, हे आपले संत वारंवार सांगत आले. मला ते वाळूत इतकं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं. "आवरून बसलेला" एवढ्यावर गुरू करायचा ठरवलं असतं तर कोणता केला असता?

इथे मला अवधूताच्या चोविसाव्या गुरूकडे वळावं लागतं. या गुरूनं मला सर्वांत जास्त त्रास दिला आहे. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते; अळी भयानं तिचंच ध्यान करत राहते आणि शेवटी कुंभारीण होऊन बाहेर पडते. ज्याचं ध्यान कराल ते व्हाल, या सिद्धान्ताचा हा आधार. शेकडो वर्षं हजारो कीर्तनांतून तो सांगितला गेला. प्रत्यक्षात काय होतं? फ्रान्समध्ये आँरी फाब्र (१८२३–१९१५) या शिक्षकानं जन्मभर उन्हात बसून असल्या माश्या पाहिल्या. कुंभारीण मातीच्या कोठडीत आपलं अंडं घालते, अळ्यांना डंख मारून लुळं करते, त्या तिथे भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेली पिल्लू-अळी त्या लुळ्या अळ्या खाऊन वाढते. बाहेर पडते ती कुंभारणीची लेक. अळी कुंभारीण झाली नाही. ती खाल्ली गेली.

खेकड्याच्या वाट्यालाही असंच आलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भारद्वाजांचं मत दिलं आहे की राजपुत्र खेकड्यांसारखे असतात, जन्मदात्यालाच खातात. आमच्या गावाकडेही म्हणतात, खेकडीण पिलं देताना मरते, पिलं तिचं पोट फोडून निघतात. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या बिळातून खेकडी धरून उलटी केली की असं का म्हणतात ते कळतं. पोटाखालची झडप उघडताच मुगाएवढी डझनावारी पिलं बाहेर सांडतात, आणि पोट फुटल्यासारखंच दिसतं. खरं तर ती आई असते, पिलांना अंगाखाली सांभाळणारी. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांची पिलं अंड्यातूनच लहान खेकडा होऊन निघतात. समुद्रातल्या बहुतेक खेकड्यांसारखी ती पाण्यात वाहत जात नाहीत, म्हणून आईपाशीच राहतात. जी सर्वांत जास्त सांभाळते तिच्याच माथी मातृहत्येची कथा आली, आणि ती कथा राजपुत्रांना गुपचूप मारून टाकण्याच्या युक्तिवादात वापरली गेली. चुकीचं पाहणं निरुपद्रवी नसतं.

औदुंबरला मी हे एका वयोवृद्ध कीर्तनकार बुवांपुढे मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, दृष्टान्त एकदेशी असतो. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणून मुखावर डाग आहेत असं कुणी म्हणत नाही. माशीचं काय होतं ते माशीपाशी. आम्हाला ध्यानाचं सांगायचंय."

हे उत्तर हलकं नाही. शास्त्रात त्याला जागा आहे, आणि बुवांनी ते पळवाट म्हणून दिलं नव्हतं. मी बरेच दिवस त्यावर विचार केला. दृष्टान्ताचा एकच भाग घ्यायचा, कबूल. पण जो भाग घेतला तो तरी खरा हवा ना? चंद्राचं गोड रूप खरं आहे, म्हणून चंद्रमुख चालतं. कुंभारणीच्या बाबतीत घेतलेला भागच खोटा आहे. अळीचं रूपांतर हाच मुद्दा, आणि तेच घडत नाही.

आणखी खोलात गेलं की दुसरी अडचण समोर येते. अवधूत स्वतः सांगतो की हे गुरू मी माझ्या बुद्धीनं केले. अजगरानं वैराग्य पत्करलेलं नाही. एकदा पोटभर गिळलं की त्याचं पचन आठवडे चालतं, म्हणून तो पडून असतो. त्याग करायचा तर आधी धरून ठेवायची शक्यता हवी. वाळूतल्या त्या जिवाला फळाची आसक्ती नाही, तेव्हा त्याच्या कर्माला निष्काम म्हणणं ही त्याची स्तुती नाही आणि आपलं शिकणंही नाही. स्वभाव वेगळा, आचरण वेगळं. मग कुणी म्हणेल, गुरुपण सगळं शिष्याच्या बुद्धीतच आहे, तर माशी खरी असो की कल्पित, काय बिघडलं?

माझं उत्तर असं: मग गुरू कशाला हवा? आपल्याला आधीच माहीत असलेलं आपण एखाद्या जिवाच्या तोंडी घालत असू, तर तो जीव नुसता आरसा झाला, आणि आरशाला कुणी गुरू करत नाही. गुरूचं गुरुपण तो आपल्याहून वेगळा असण्यात आहे. आपल्याला न सुचलेलं, न आवडणारंही सांगण्याचा त्याला अधिकार असण्यात आहे. माणूस गुरू असतो तेव्हा तो आपल्याला थांबवू शकतो, "मी असं म्हटलं नव्हतं" म्हणू शकतो. खेकडा ते म्हणू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीनं ते म्हणण्याची जबाबदारी शिष्यावर येते, आणि ती पार पाडायचा एकच रस्ता आहे: नीट पाहणं. मुक्या गुरूचा शिष्य हा बोलक्या गुरूच्या शिष्यापेक्षा जास्त बांधलेला असतो.

आता ही कसोटी मी माझ्याच त्या आवडत्या निरूपणाला लावते. चेन्नईत टी. सुब्रमण्यम यांनी एमेरिटा एशियाटिकावर अनेक वर्षं काम केलं. तिथे नर अगदी चिमुकले, बालवयातच वयात आलेले, मादीला चिकटून राहणारे. आणि १९८१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हेच नर पुढे वाढले की मादी होतात. मादी पोटाखाली केशरी अंडी वागवते. त्यातून निघालेली पिलं समुद्रात वाहून जातात, अनेक रूपं बदलतात, आणि जगली वाचली तर कुठल्या तरी वाळूवर येऊन बसतात. ती आईच्या किनाऱ्यावरच येतील असं काही नाही. हे सगळं माझ्या साधना-कृपेच्या चौकटीत बसत नाही. कीर्तनात ते सोयीचंही नाही. पण गुरूचं अर्धं सांगणं ऐकून उठून जायचं नसतं. लिंग हीच देहाची कायमची ओळख मानणाऱ्या आपल्या समजुतीला हा जीव धक्का देतो, आणि तो धक्का मला त्याच्या मिशांइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अर्धनारीनटेश्वराची मूर्ती पूजणारे लोक आहेत. त्यांनी तरी इथे दचकू नये.

एकनाथांनी अकराव्या स्कंधावरची आपली टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. काही गुरू गुण घेण्यासाठी, काही अवगुण टाकण्यासाठी, अशी विभागणी ते करतात, आणि मग गुरूंची संख्या मोजण्यापलीकडे नेतात. सगळं जगच त्यांना गुरू दिसू लागतं. तेव्हा जतच्या त्या मुलीच्या प्रश्नाला नाथांचं उत्तर तयार होतं. यादी बंद नाही. चोवीस हा आकडा शेवटचा नाही. मला त्यात एवढंच जोडायचं आहे की जग गुरू असेल तर जगाचा अभ्यास हीदेखील गुरुसेवा आहे, आणि ती सेवा प्रयोगशाळेत चालली म्हणून कमी प्रतीची ठरत नाही.

आमच्या भागात हे दोन्ही एका छपराखाली नांदलेलं आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्र शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीच वाईत बसून मराठी विश्वकोश उभा केला. १९७६ साली त्याचा पहिला खंड आला. न्यायशास्त्राचा पंडित खेकड्यांच्या नोंदी तपासून घेतो आहे, कवचधर हा शब्द रुळवतो आहे, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. त्या खंडांवरच आमच्या पिढीचं मराठी प्राणिशास्त्र वाढलं.

मुलांपैकी एकानं पुढे कधीतरी विचारलं, आपल्याकडे समुद्रच नाही, तर हा आपला गुरू कसा? सातारा जिल्ह्याचा नकाशा मी फळ्यावर काढला. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा आमच्या घाटांवरून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेचं बरंचसं पाणी पोफळीच्या जनित्रांतून उतरून वाशिष्ठीत आणि तिथून दाभोळच्या खाडीनं अरबी समुद्रात जातं. साताऱ्यात पडलेला पाऊस दोन्ही किनाऱ्यांना पोचतो. आणि नदीची वाळू आपण इथे किती उपसतो, त्यावर तिकडच्या मुखाशी किती वाळू पोचेल हे ठरतं, हेही मी सांगितलं. येरळेच्या पात्रात रात्री चालणाऱ्या ट्रॅक्टरांचे आवाज त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

बुवा आणि मी अजून भेटतो. गेल्या दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, "मग त्या कुंभारणीचं खरं जे आहे, त्यातून काय घ्यायचं?" मी म्हटलं, ज्या लेकराचं तोंड ती कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी ती शिदोरी भरून दार लिंपते, आणि ती शिदोरी म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू असतं. दोन्ही एकदम. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हे सांगायला अवघड आहे, कीर्तनाला आलेली माणसं उदास होऊन जातील. आणि तरी ध्यानाचा सिद्धान्त ते सोडणार नाहीत. तो सोडावा असं मलाही वाटत नाही. तो स्वतःच्या अनुभवावर उभा राहू शकतो, त्याला माशीची टेकणी लागत नाही. आमचा मतभेद एवढाच उरला आहे की त्यांच्या मते दृष्टान्त काढून घेतला तर साध्या माणसाला धरायला काही राहत नाही, आणि माझ्या मते साध्या माणसाला खरी माशी दाखवली तर तो ती धरू शकतो. पुढच्या गुरुवारी ते पंधरा मिनिटं मला देणार आहेत. मी कुंभारणीचं मातीचं घर आणि एक भिंग घेऊन जाणार आहे.